ट्रायकोग्रामाचं नाव नर सांगतो

उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ, खोडकिडीची अंडी असतात. माशाच्या खवल्यांसारखी चपटी, एकावर एक जरा चढलेली, दुधाळ पांढरी. त्यातला एखादा पुंजका काळा दिसला की "ट्रायको लागला" असं म्हणायची पद्धत आहे (ट्रायको म्हणजे ट्रायकोग्रामा, किडींच्या अंड्यांत स्वतःचं अंडं घालणारी चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी) आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. तरी भिंग लावून बघावंच, कारण अळी बाहेर पडायच्या आदल्या दिवशी निरोगी अंडीही लांबून काळी वाटतात. निरोगी अंड्यात काळा असतो तो एकच ठिपका, म्हणजे आतल्या अळीचं डोकं. भोवतीचं अंडं आरपार दिसतं. परोपजीवी लागलेलं अंडं मात्र कडेपासून कडेपर्यंत काजळासारखं एकसारखं काळं असतं. आतल्या परोपजीवीच्या अळीचं खाणं संपत आलं की अंड्याच्या कवचाला आतून काळ्या कणांचा थर बसतो, त्याचा हा रंग.

यावरून एवढंच कळतं की अंड्यात दुसरं कुणीतरी वाढतंय. ते कोण आहे, हे ठरवणं हे वेगळं काम आहे. या लेखात ते ट्रायकोग्रामापुरतं सांगितलं आहे. आधी शब्दांचा घोळ मिटवूया. बोलताना आपण 'प्रजाती' हा शब्द कशालाही लावतो. इथे ट्रायकोग्रामा ही प्रजाती आणि तिच्यातल्या चिलोनिस, जॅपोनिकम, अचेई या जाती, असंच म्हटलं आहे. या प्रजातीत जगभरात दोनशेहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. बहुतेक जाती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या, आणि साध्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच.

मग नावासाठी एवढा आटापिटा कशाला? कारण प्रत्येक जातीचं पीक, यजमान कीड आणि सोसणारं तापमान वेगळं असतं. उसातल्या खोडकिडीसाठी चिलोनिस सोडतात. भातातला पिवळा खोडकिडा अंड्यांवर केसांचं पांघरूण घालतो, तिथे जॅपोनिकम वापरतात. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री लागते, आणि ती तर ट्रायकोग्रामा प्रजातीतलीसुद्धा नाही, शेजारच्या प्रजातीतली आहे. ट्रायकोकार्डावर (परोपजीवी लागलेली अंडी चिकटवलेलं, शेतात लावायचं कार्ड) एक नाव आणि आत दुसरीच जात असेल, तर शेतात परिणाम का दिसला नाही याचं उत्तर कुणालाच सापडत नाही.

नमुना गोळा करताना

काळ्या अंड्यांचा पुंजका पानाच्या छोट्या तुकड्यासकट कापा आणि काचेच्या नळीत ठेवा. तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावा. जाळीचं झाकण नको, कारण हे कीटक बारीक जाळीतूनही निसटतात. पान ओलं असेल तर आधी टिपकागदाने कोरडं करा. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे हिरवं, रसरशीत पान तसंच बंद करणं. नळीच्या काचेला बाष्पाचे थेंब धरतात आणि बाहेर पडलेला कीटक पहिल्याच थेंबाला चिकटून मरतो. पंख चुरगळले की तो नमुना ओळखीच्या कामाचा राहत नाही. एका नळीत एकच पुंजका ठेवा, आणि पीक, कीड, गाव, तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच दिवशी सोबत टाका.

अंडं घातल्यापासून प्रौढ बाहेर पडेपर्यंत २६ ते २८ अंश तापमानात सात-आठ दिवस जातात, थंडीत जास्त. प्रौढ बाहेर आल्यावर एक दिवस थांबा, अंग आणि पंख नीट कडक होऊ द्या. मग स्लाइडसाठी ७० टक्के अल्कोहोलमध्ये घाला, आणि काही नमुने डीएनएसाठी ९५ टक्के किंवा त्याहून जास्त तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये वेगळे काढून फ्रीजमध्ये ठेवा. नर आणि माद्या दोन्ही घ्या. घाईत दोनच कीटक उचलले आणि दोन्ही माद्या निघाल्या, तर पुढचं सगळं काम तिथेच अडतं.

आधी पाय मोजा

अंड्यातून निघालेला प्रत्येक बारीक कीटक ट्रायकोग्रामा नसतो. भाताच्या खोडकिड्याच्या एकाच पुंजक्यातून तीन वेगवेगळे परोपजीवी निघू शकतात. त्यांना वेगळं करायची सर्वांत भरवशाची खूण पायाच्या टोकाशी, म्हणजे पावलाच्या पेरांत असते. ट्रायकोग्रामाच्या कुलात पावलाला तीन पेरं असतात. टेट्रास्टिकसला चार असतात, शिवाय त्याच्या अंगावर हिरवट धातूसारखी झाक दिसते. टेलेनोमसला पाच पेरं असतात आणि तो काळा, चकचकीत, कमरेला बारीक असतो. ट्रायकोग्रामाला अशी कंबर नसते. पोट छातीला रुंद जोडलेलं असतं. डोळे लाल असतात, पण कुलातल्या इतर अनेक प्रजातींचेही डोळे लाल असतात, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

पेरं मोजायला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागतो, ४० पटीच्या वर. शेतातल्या १० पटीच्या भिंगातून कंबर आणि रंग एवढंच दिसतं.

पावलाला तीन पेरं निघाली की कूळ कळलं. आता प्रजाती. त्यासाठी पुढचा पंख पाहायचा. तो रुंद, टोकाला गोलाकार असतो. त्यातली एकुलती जाड शीर इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. पंखाच्या पृष्ठभागावरचे बारीक केस विखुरलेले नसतात, ते ओळी धरून पंखाच्या कडेकडे पसरत जातात, नांगरलेल्या रानातल्या तासांसारखे. प्रजातीच्या नावाचा अर्थही हाच आहे: ग्रीकमध्ये 'थ्रिक्स' म्हणजे केस आणि 'ग्रामा' म्हणजे रेघ. हे नाव वेस्टवूडने १८३३ मध्ये इव्हॅनेसन्स या जातीचं वर्णन करताना दिलं. तीच या प्रजातीची प्रमाण जाती, म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती.

या ओळींपैकी एक खास लक्ष देऊन शोधायची. शिरेच्या टोकापासून मागे, पंखाच्या बुडाकडे वळणारी केसांची एक आखूड ओळ ट्रायकोग्रामात असते. शास्त्रीय वर्णनांत तिला आरएस-१ म्हणतात. ट्रायकोग्रामाटॉइडियात ही ओळ नसते. पंखाच्या कडेची झालरही ट्रायकोग्रामाटॉइडियात तुलनेने लांब केसांची असते. मिशांवरून, म्हणजे शृंगिकांवरून, नर असेल तर निकाल पटकन लागतो. ट्रायकोग्रामाच्या नराची मिशी टोकाकडे एकसंध, किंचित वाकडी आणि लांब ताठ केसांनी भरलेली असते, बाटली धुवायच्या ब्रशसारखी. ट्रायकोग्रामाटॉइडियाच्या नरात तोच भाग स्पष्ट पेरांचा असतो: मध्ये दोन पेरं आणि टोकाच्या गदेला तीन. माद्यांच्या मिशा दोन्ही प्रजातींत जवळपास सारख्या असतात, दोन छोटी पेरं आणि पुढे एक फुगीर गदा, त्यामुळे मादी असेल तर पंखाकडेच वळावं लागतं.

रंग, आकार आणि यजमान फसवतात

प्रजातीपर्यंत काम सोपं होतं. जातीला आल्यावर मात्र जी लक्षणं सर्वांत आधी डोळ्यांत भरतात, तीच सर्वांत जास्त दगा देतात.

रंगाचंच घ्या. चिलोनिसचा नर २५ ते २७ अंशांत वाढला तर पिवळा असतो, छातीचा वरचा भाग आणि पोट काळपट तपकिरी. तोच वाण थंडीत वाढला की गडद होतो, उन्हाळ्यात फिकट. जॅपोनिकम सर्वसाधारणपणे गडद असतो. म्हणजे डिसेंबरातला चिलोनिस आणि मे महिन्यातला जॅपोनिकम शेजारी ठेवले तर नुसत्या रंगावर निर्णय देणं धोक्याचं. वर्णनात रंग लिहायचाच असेल तर वाढीचं तापमान सोबत लिहिलंच पाहिजे.

आकार यजमानाच्या अंड्यावर अवलंबून असतो. लहान अंड्यातून लहान कीटक निघतो. मोठ्या अंड्यात एकापेक्षा जास्त पिल्लं वाढली तर तीही खुरटतात. याचं टोकाचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. सेम्ब्लिडिस या जातीचे नर पतंगांच्या अंड्यांतून निघाले तर पंखांचे असतात, आणि पाण्याकाठच्या सियालिस नावाच्या कीटकाच्या अंड्यांतून निघाले तर बिनपंखी, मिशासुद्धा मादीसारख्या. १९३७ मध्ये सॉल्टने हे दाखवलं. जात एक, अंडं वेगळं, आणि नर इतके निराळे की कुणीही दोन जाती समजेल.

यजमानावरून नाव देणं तर सर्वांत वाईट. "उसातला आहे म्हणजे चिलोनिस" हे अनुमान झालं. एकाच शेतात दोन जाती एकाच किडीच्या अंड्यांवर सापडू शकतात.

याचे परिणाम जुन्या कागदपत्रांत दिसतात. आज आपण ज्याला चिलोनिस म्हणतो तो भारतात आधी इव्हॅनेसन्स आणि मायन्यूटम या नावांनी, मग कितीतरी वर्षं ऑस्ट्रेलिकम या नावाने लिहिला गेला. ऑस्ट्रेलिकम ही खरं तर गिरॉने ऑस्ट्रेलियातून वर्णिलेली वेगळी जात. १९७६ मध्ये आपल्या जातीला कन्फ्यूझम असं नवं नाव मिळालं, आणि पुढे ती १९४१ मध्ये जपानमधून इशीने वर्णिलेली चिलोनिसच असल्याचं स्पष्ट झालं. ऊस किंवा कपाशीवरचा साठ-सत्तरच्या दशकातला अहवाल वाचताना ऑस्ट्रेलिकम दिसलं की तो बहुधा चिलोनिस आहे, एवढं ध्यानात ठेवावं. पण नक्की म्हणता येतं ते त्या वेळचा नमुना जपलेला असेल तरच.

नराची जननांगं

हा गुंता सुटला तो भारतात झालेल्या कामामुळे, आणि त्याचा उल्लेख मराठीत फारच कमी होतो. बंगळूरूच्या कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल कंट्रोलच्या भारतीय केंद्रात सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस जातींचे संकर करून पाहिले, आणि १९७१ मध्ये ज्ञात जातींची वर्णनं नव्याने लिहून दाखवलं की जातींमधला टिकाऊ फरक नराच्या जननांगांत आहे. तापमान बदललं, यजमान बदलला तरी त्यांची ठेवण रंगासारखी बदलत नाही. त्यानंतर जगभर ट्रायकोग्रामाची ओळख याच पायावर होते.

हा अवयव एका छोट्या कुपीसारखा असतो, मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. पाठीच्या बाजूने त्यावर एक पातळ पत्रा पुढे आलेला असतो, त्याला पृष्ठपट्ट म्हणू. त्याचा आकार सर्वांत आधी पाहायचा. चिलोनिसमध्ये तो ठळक त्रिकोणी असतो आणि बुडाशी दोन्ही बाजूंना कानासारखे खांदे निघालेले असतात. इतर जातींत कुठे तो अरुंद, कुठे कडा गोलाईने वळलेल्या, कुठे खांदे जवळजवळ नाहीत. पोटाच्या बाजूने मधोमध एक टोकदार उंचवटा असतो; तो किती पुढे पोचतो ते पाहायचं. दोन्ही बाजूंच्या चिमट्यासारख्या भागांची टोकं कुठे संपतात, आणि मधल्या शिश्नाची दांड्यांसकट लांबी मागच्या पायाच्या नळीच्या तुलनेत किती, हेही मोजायचं. जोडीला मिशीवरच्या सर्वांत लांब केसाची लांबी आणि मिशीची जास्तीत जास्त रुंदी यांचं गुणोत्तर काढायचं. चिलोनिसमध्ये ते साधारण अडीच येतं. मोजमाप मायक्रॉनमध्ये लिहून ठेवा, पण तुलना गुणोत्तरांची करा, कारण खुरटलेल्या नराची सगळीच मापं लहान येतात.

स्लाइड चांगली नसेल तर यातलं काहीही दिसत नाही. झटपट कामासाठी होयर्सचं माध्यम वापरतात: ५० मिलि ऊर्ध्वपातित पाणी, ३० ग्रॅम स्वच्छ डिंक (गम अरेबिक), २०० ग्रॅम क्लोरल हायड्रेट आणि २० मिलि ग्लिसरीन, याच क्रमाने विरघळवून, काचलोकरीतून गाळून. क्लोरल हायड्रेट गुंगी आणणारं रसायन आहे, ते कुलपात ठेवावं लागतं. माध्यम स्वतःच ऊती पारदर्शक करतं, म्हणून अल्कोहोलमधला नर पाण्यातून काढून सरळ थेंबात ठेवता येतो.

थेंब किती? टाचणीच्या डोक्याएवढा. इथेच बहुतेक स्लाइड बिघडतात. थेंब मोठा झाला तर आच्छादन-काच वर तरंगते आणि १०० पटीच्या तेलात बुडवायच्या भिंगाला नमुना फोकसमध्ये येत नाही. नर पाठ वर करून ठेवा, अगदी बारीक सुईने पंख बाजूला पसरा, मिशा पुढे ओढा आणि १२ मिमीची गोल काच एका कडेने हळू टेकवा. सरळ वरून टाकली तर बुडबुडा नेमका पोटाखाली अडकतो. मग स्लाइड ४० ते ४५ अंशांच्या गरम पट्टीवर आठवडाभर वाळवा आणि काचेची कड नखांच्या रंगाने किंवा वार्निशने बंद करा.

पोट कलंडलं तर पृष्ठपट्ट अरुंद दिसतो आणि त्रिकोणाचा आकार हरवतो. चुकीच्या ओळखीचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून एका नरावर नाव देऊ नका. एका नमुन्यातले निदान पाच-सहा नर, त्यातला एखादा पोट वर करून, असं चढवलं तर कुठला आकार खरा आणि कुठला कलंडल्याचा हे लगेच समजतं. जास्त पारदर्शक झालेला नर साध्या प्रकाशात दिसेनासा होतो. सूक्ष्मदर्शकाला फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक भाग उठून दिसतील अशी प्रकाशाची सोय) असेल तर तो वाचतो.

होयर्सची एक मर्यादा आहे: ते हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात कड नीट बंद न केलेली स्लाइड चिकट होते, काच सरकते. उलट कोरड्या हवेत वर्षांनी स्फटिक धरतात. म्हणून संग्रहात कायम ठेवायचा नमुना कॅनडा बाल्सममध्ये चढवावा. त्यासाठी नर १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवायचा (उकळायचा नाही, नाजूक भाग फाटतात), मग पाणी, चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, लवंगतेल आणि शेवटी बाल्सम. वेळ जास्त लागतो, पण स्लाइड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. नवशिक्यांनी आधी होयर्सवर हात बसवावा, असं आमचं मत आहे.

नरच नसतील तर

सगळ्या माद्याच निघाल्या तर त्यातली एखादी जिवंत मादी वेगळी करा आणि तिला कॉरसायराची, म्हणजे तांदळाच्या पतंगाची, ताजी अंडी द्या. अंडी आधी अतिनील प्रकाशात निर्जीव करून घ्या, नाहीतर न लागलेल्या अंड्यांतून अळ्या निघून बाकीची अंडी खातात. या कीटकांत फळलेल्या अंड्यातून मादी आणि न फळलेल्या अंड्यातून नर होतो. त्यामुळे नराशी गाठ न पडलेल्या मादीची सगळी पिल्लं नर असतात.

तरीही फक्त माद्याच होत राहिल्या, तर वोल्बाकिया या जिवाणूचा संशय घ्यावा. तो पेशींत राहतो आणि न फळलेल्या अंड्यातूनही मादीच घडवतो. मादीला खायला देतात त्या मधात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळलं किंवा काही पिढ्या ३० अंशांच्या आसपास वाढवल्या की जिवाणू कमी होऊन नर परत दिसू लागतात. १९९० मध्ये स्टाउथॅमर आणि सहकाऱ्यांनी ट्रायकोग्रामातच हे दाखवून दिलं. त्या नरांवरून मग नेहमीसारखी ओळख पटवायची.

जननांगंही जिथे हात टेकतात अशा जोड्या आहेत. उत्तर अमेरिकेतल्या मायन्यूटम आणि प्लॅटनेरी या दोघी दिसायला एकच. प्लॅटनेरी हे नाव नागरकट्टींनीच १९७५ मध्ये दिलं. तिथे संकर करून पाहावं लागतं. काळं पडलेलं एकेक अंडं वेगळ्या नळीत ठेवायचं, म्हणजे मादी कोरी, नराशी गाठ न पडलेली, मिळते. मग अ जातीची मादी आणि ब जातीचा नर, तसंच उलटही. पिल्लांत माद्या आल्या तर अंडी फळली. नुसते नरच आले तर फळली नाहीत, म्हणजे जाती बहुधा वेगळ्या. सोबत त्याच वाणाचे नर-मादी घेतलेली जोडी हवीच. ती नसेल तर जोडी जमलीच नाही की जमूनही अंडी फळली नाहीत, हे सांगता येत नाही.

डीएनएवरून ओळखण्यासाठी आयटीएस-२ हा रायबोसोमच्या जनुकांमधला तुकडा वापरतात. एका कीटकाला ५ टक्के चेलेक्स (एक राळ) आणि प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं विकर) यांत चुरडून ५५ अंशांवर काही तास, मग ९५ अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की पीसीआरला, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या प्रक्रियेला, पुरेल एवढा डीएनए मिळतो. तुकड्याची लांबी जातीनुसार बदलते, त्यामुळे कधीकधी जेलवरच्या पट्टीवरूनही दिशा कळते. सार्वजनिक संग्रहातल्या क्रमाशी जुळवताना मात्र डोळे उघडे ठेवा. तिथे नाव देणाऱ्याने नराची स्लाइड पाहिली होती का, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, आणि चुकीचं नाव एकदा चढलं की ते शंभर टक्के जुळणीने पुढे पसरतं. माइटोकाँड्रियाच्या बारकोडवर, म्हणजे जात ओळखायला वापरतात त्या माइटोकाँड्रियातल्या डीएनएच्या तुकड्यावर, एकट्यावरच भिस्त ठेवू नये, कारण वोल्बाकिया आईकडून जातो तसा तोही आईकडूनच जातो, आणि जिवाणूच्या प्रसाराबरोबर त्याचं चित्र बिघडू शकतं.

ट्रायकोकार्ड बनवणाऱ्यांना हे सगळं प्रत्येक कार्डासाठी करायची गरज नाही. एका खोलीत दोन जाती न वाढवणं, एकीचं काम संपल्याशिवाय दुसरीच्या नळ्या न उघडणं, आणि दर काही पिढ्यांनी पाच-सहा नर स्लाइडवर पाहणं पुरतं. कार्डावर वीस हजारांच्या आसपास अंडी असतात. चुकून आत शिरलेली परकी मादी डोळ्यांना दिसणार नाही, पण काही पिढ्यांत मूळ जात नाहीशी करू शकते.

ओळख पटल्यावर स्लाइडच्या डाव्या चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पीक आणि कोणत्या किडीच्या अंड्यातून निघाला हे लिहा. उजव्या चिठ्ठीवर जात, लिंग, वाढीचं तापमान, माध्यम आणि ओळखणाऱ्याचं नाव. ज्या कीटकाचा डीएनए काढला त्याच पुंजक्यातले नर त्याच क्रमांकाने ठेवा. लिहायला पेन्सिल किंवा न पुसणारी शाई वापरा. अल्कोहोलचा एक थेंब पडला की साध्या बॉलपेनचं अक्षर जातं.